पाण्याचं पीक ३४०० ला का येत नाही? आणि गॉसियन बसवून हायड्रोजन बंध मोजता येतात का?

आजऱ्याचा_पाऊस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय मीच मागून घेतला: तापमान आणि मिठामुळे पाण्यातल्या हायड्रोजन बंधांवर होणारा परिणाम, अवरक्त वर्णपटातून. ४ अंशांना पाण्याची घनता सर्वाधिक असते हे वाक्य शाळेपासून पाठ आहे. त्यामागे नेमकं काय हलतं ते एकदा स्वतः बघायचं होतं.

आमच्याकडे एफटीआयआर (अवरक्त वर्णपट घेणारं यंत्र) आहे, त्यावर हिऱ्याचा एटीआर, म्हणजे थेंब हिऱ्यावर ठेवून मोजायची जोडणी. रेझोल्यूशन ४, प्रत्येकी ३२ स्कॅन. तीन अडचणी आहेत.

पहिली. ओ–एच स्ट्रेचिंगचं, म्हणजे ऑक्सिजन–हायड्रोजन बंधाच्या ताणकंपाचं, पीक पुस्तकात ३४०० ला (तरंगसंख्या, प्रति सेंटिमीटर) दिलंय, माझं ३३३० च्या आसपास येतं. डिस्टिल्ड, आरओचं आणि गावच्या विहिरीचं, तिन्ही पाणी लावून बघितली, फरक नाही. गाइड म्हणतात नमुना खराब असेल. पण तिन्ही एकाच मापाने खराब कशी असतील?

दुसरी. २१३० ला एक बुटकं, पसरट पीक दिसतं. आमच्याकडच्या तक्त्यात पाण्यासमोर ते नाही. ही अशुद्धी समजायची का?

तिसरी सगळ्यात मोठी. मागच्या वर्षीच्या प्रबंधात ३००० ते ३७०० चा पट्टा चार गॉसियनमध्ये (घंटेच्या आकाराच्या वक्रांमध्ये) फोडलाय आणि प्रत्येकाच्या क्षेत्रफळावरून 'पक्के बांधलेले रेणू इतके टक्के, अर्धवट बांधलेले इतके, मोकळे इतके' असा तक्ता केलाय. मी तसंच केलं. चार गॉसियन छान बसले. मग उत्सुकतेने तीन बसवले, तेही बसले. पाचही बसले. पण 'पक्के बांधलेले' दरवेळी बदलतात: चार घेतले तर ४६ टक्के, पाच घेतले तर ३१. यातला खरा आकडा कुठला, आणि प्रबंधात कुठला लिहू? दोन रात्री झोप नाही. कुणी सांगितलं तर उपकार होतील.

खिडकी_सांभाळा

२१३० ची काळजी सोड. ते पाण्याचंच आहे. रेणूचं वाकणं (१६४५ च्या जवळ) आणि शेजाऱ्यांच्या पकडीत राहून त्याचं डुलणं (७०० च्या खाली) एकत्र येऊन तो पट्टा होतो. वाफेतल्या सुट्या रेणूला डुलायला पकडच नसते, म्हणून वाफेत हा पट्टा मिळत नाही. म्हणजे तू ज्याच्या शोधात आहेस त्याचाच हा पुरावा. तक्ते बहुतेक सेंद्रिय संयुगांसाठी केलेले असतात, त्यात पाण्याला जेमतेम एक ओळ मिळते.

मी बावीस वर्षं ही यंत्रं सांभाळतोय, तेव्हा हातचं थोडं सांगतो. तापवून मोजणार असशील तर हिऱ्यावरचा थेंब झाक. उघडा थेंब पन्नास अंशांना बघता बघता आटतो, मिठाचं द्रावण असलं तर दाट होत जातं, आणि तुला वाटतं तापमानाचा परिणाम दिसतोय. पावसाळ्यात यंत्राच्या आत दमट हवा शिरते आणि ३६०० ते ३९०० मध्ये सुयांसारख्या बारीक रेषा उठतात. ती वाफ आहे. त्यांना 'मोकळे ओ–एच' म्हणून प्रबंधात गेलेलं मी पाहिलंय. सिलिका जेल निळी आहे का बघ, गुलाबी झाली असेल तर आधी ती बदल. आणि कुणी काहीही सांगो, पाण्यासाठी केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) खिडक्या, म्हणजे नमुना ज्यांच्यामध्ये धरतात त्या चकत्या, वापरू नकोस. मिठाचा खडा तो, पाण्यात विरघळतो. कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या माग. ११०० च्या खालचं त्यातून दिसत नाही, पण तुला ते नकोच आहे.

वैनगंगा

तिसऱ्या प्रश्नावर माझ्या पीएचडीचं जवळजवळ एक वर्ष गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते. (माझेही आकडे तुझ्यासारखेच तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर, दरवेळी एकक लिहीत नाही.)

आधी ३३३०. तुझी तिन्ही पाणी चांगली आहेत. एटीआरमध्ये प्रकाश पाण्यातून आरपार जात नाही. हिऱ्याच्या आतून येऊन परत फिरतो आणि फिरताना पाण्यात जेमतेम अर्धा मायक्रोमीटर डोकावतो. किती खोल डोकावेल हे तरंगलांबीवर ठरतं आणि पाण्याच्या अपवर्तनांकावरही. शाळेतलं १.३३ हे दृश्य प्रकाशापुरतं खरं. ओ–एचच्या पट्ट्यापाशी पाणी इतकं जोरात शोषतं की तिथे अपवर्तनांक सरळ राहत नाही: ३६०० च्या बाजूला तो १.१५ च्या आसपास उतरतो आणि ३२०० च्या बाजूला १.४५ च्या वर चढतो. त्यामुळे ३२०० कडचा प्रकाश जास्त खोल जातो आणि ती बाजू फुगते. पीक खाली ओढलं जातं ते याच कारणाने. सॉफ्टवेअरमधली साधी एटीआर दुरुस्ती फक्त तरंगलांबीचा हिशेब करते. अपवर्तनांकाचाही हिशेब करणारी दुरुस्ती असेल तर ती लाव. नसेल तर प्रबंधात 'दुरुस्ती न केलेला एटीआर वर्णपट' असं स्पष्ट लिही आणि पुस्तकाच्या ३४०० शी तुलना करू नकोस. तुझ्याच दोन तापमानांची आपसात तुलना चालेल.

आरपार मोजायचं म्हटलं तर तेही सोपं नाही. ३४०० ला एक मायक्रोमीटर पाण्याचा थर ०.५ च्या वर शोषकता देतो. खिडक्यांमध्ये सहा मायक्रोमीटरचा स्पेसर (थराची जाडी ठरवणारी पट्टी) लावलास तरी पीक माथ्यावर चपटं होईल. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता गॉसियन. माझ्या वेळी मीही पाच बसवले होते. प्रत्येकाला नाव दिलं होतं, तापमानाप्रमाणे क्षेत्रफळं कशी बदलतात त्याचे आलेख रंगीत करून पोस्टरवर लावले होते. एका ज्येष्ठ बाईंनी पोस्टर शांतपणे पूर्ण वाचलं आणि विचारलं, "हेच एचओडीमध्ये दाखवशील?" (एचओडी म्हणजे एक साधा आणि एक जड हायड्रोजन असलेला पाण्याचा रेणू.) मला उत्तर देता आलं नाही. परत येऊन तो प्रयोग केला आणि माझ्या पाचांपैकी दोन पीक नाहीशी झाली. रेणू तेच, बंध तसेच, तरी पीक गेली. म्हणजे ती बंधांची नव्हतीच.

मग कशाची होती? वाफेतल्या एकट्या रेणूचे दोन ताणकंप ३६५७ आणि ३७५६ ला असतात. द्रवात हायड्रोजन बंध ओ–एचला बाहेरून ओढतो, ओ–एच सैल होतो, कंप खाली येतो. इथवर पुस्तकातलं सगळं बरोबर. पण द्रवात शेजारी शेजारी असलेले ओ–एच जवळजवळ एकाच सुरात असतात, त्यामुळे कंप एका जागी थांबत नाही. एका ओ–एचमधली ऊर्जा १०० फेम्टोसेकंदांच्या आतच शेजाऱ्याकडे जाते (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). तू बघतोस तो सूर अनेक रेणूंचा मिळून आहे. शिवाय वाकण्याचा कंप १६४५ ला, त्याची दुप्पट ३२९०, ती नेमकी याच पट्ट्यात पडते आणि ताणकंपाशी गुंतते. ३२५० चा जो खांदा मागच्या प्रबंधात 'बर्फासारखं पाणी' झाला असेल, त्यात या गुंत्याचा मोठा वाटा आहे.

एवढं पुरे नसेल तर क्षेत्रफळाचं बघ. क्षेत्रफळ म्हणजे रेणूंची संख्या, हे गृहीतक इथे टिकत नाही. हायड्रोजन बंध जितका घट्ट, तितका तो ओ–एच अवरक्तात जास्त उजळ. वाफेचं पाणी झालं की ताणकंपाची एकूण तीव्रता दहापटीहून जास्त वाढते. म्हणजे घट्ट बांधलेला रेणू ओरडतो आणि सैल असलेला कुजबुजतो, आणि आपण आवाजावरून माणसं मोजायला बसतो. रमण वर्णपटात (जो विखुरलेल्या प्रकाशावरून मिळतो) हा भेद बराच कमी असतो, म्हणूनच एकाच पाण्याचा रमणचा पट्टा आणि अवरक्ताचा पट्टा वेगळ्या आकाराचा दिसतो. तुझे ४६ टक्के खरे असते तर ते दोन्हीकडे ४६ यायला हवे होते.

आणि 'मोकळे रेणू' म्हणून वेगळी जात मानायची का, हा वाद आपल्या सगळ्यांपेक्षा जुना आहे. पाणी म्हणजे दोन प्रकारच्या रेणूंचं मिश्रण, हे राँटगेनने १८९२ मध्ये मांडलं. बंध तुटत नाहीत, नुसते वाकतात, असं पोपलने १९५१ मध्ये मांडलं. २००४ मध्ये क्ष-किरणांच्या प्रयोगावरून एका गटाने सांगितलं की बहुतेक रेणूंना दोनच पक्के बंध असतात, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसल्याच मोजणीतून जवळजवळ चार बंधांचं नेहमीचं चित्र काढलं. मला ज्या प्रयोगांनी पटवलं ते फेम्टोसेकंद लेझरचे. २००३ ते २००५ या काळात टोकमाकोफच्या गटाने जड पाण्यात थोडे एचओडी घेऊन, ज्यांचा कंप 'तुटलेल्या बंधासारखा' वर आहे असे रेणू निवडले आणि ते पुढे काय करतात ते बघितलं. ते तिथे थांबतच नाहीत, साधारण २०० फेम्टोसेकंदांच्या आत परत बांधलेल्यांत जातात. तुटलेला बंध ही राहण्याची जागा नव्हे, वाटेतला क्षण आहे. २००६ मध्ये लाज आणि हाइन्स यांनी संगणकावर दाखवलं की पाण्याचा रेणू जोडीदार बदलताना हळूहळू वळत नाही, साधारण ६० अंशांची उडी घेतो, आणि उडीच्या मध्यावर त्याचा हायड्रोजन दोन्ही ऑक्सिजनांत वाटलेला असतो. लोकलमध्ये उभ्याने पुढे सरकताना पुढची कडी हाताला लागेपर्यंत आपण मागची सोडत नाही, तसं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ४६ ही खरं नाही आणि ३१ ही नाही. एकही लिहू नकोस. पाच गॉसियन बसतात याचा अर्थ पाच प्रकारचे रेणू आहेत असा होत नाही. इतक्या गुळगुळीत पट्ट्यावर पुरेसे गॉसियन ओतले की काहीही बसतं. ओ–एचचा कंप सांगतो तो त्या क्षणी त्या हायड्रोजनवर शेजाऱ्यांची ओढ किती आहे एवढंच. ती ओढ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पसरलेली असते, तिला कप्पे नसतात.

आता काय करायचं ते. तुमच्या विभागात किंवा जवळपास एनएमआर (चुंबकीय अनुनादाचं यंत्र) असेल तर तिथे जड पाणी, डी-टू-ओ, मिळेलच. साध्या पाण्यात आकारमानाने ५ टक्के घाल. हायड्रोजनांची अदलाबदल आपोआप होते: दर हजार रेणूंमागे सुमारे ९५ एचओडी होतात आणि डी-टू-ओ दोन-तीनच उरतात. एचओडीचा ओ–डी कंप २५०० च्या जवळ येतो. तिथे त्याच्या सुराचा शेजारी कुणी नाही, वाकण्याची दुप्पटही तिथे पडत नाही. तो एकटा गातो. आणि पाणी त्या भागात फार शोषत नसल्यामुळे २५ मायक्रोमीटरचा स्पेसर चालतो, चपट्या पीकचा प्रश्नच मिटतो. शुद्ध पाण्याचा वर्णपट त्याच सेलमध्ये, त्याच तापमानाला घेऊन वजा कर, म्हणजे २१३० च्या पट्ट्याची शेपटी जाईल. पट्टा अर्ध्या उंचीवर दीडशे ते पावणेदोनशे रुंद यायला हवा. त्याची जागा आणि रुंदी तापमानाप्रमाणे कशी बदलते, हा तुझा खरा निष्कर्ष.

उजळपणाचा भेद एचओडीतही राहतोच, त्यामुळे क्षेत्रफळावरून टक्के इथेही काढायचे नाहीत. मिठासाठी पोटॅशियम आयोडाइड घे: आयोडाइडशी बांधलेला ओ–डी सैल पकडीत असतो, पट्टा वर सरकतो, आणि पदार्थ हाताळायला सोपा आहे. परक्लोरेटचा परिणाम याहून ठळक दिसतो, पण सेंद्रिय पदार्थांच्या संगतीत सुकलेला परक्लोरेट धोक्याचा, पहिल्या प्रोजेक्टात नको.

एक सूचना राहिली. वेगवेगळ्या तापमानांचे वर्णपट एकावर एक ठेवलेस की ते जवळजवळ एकाच बिंदूत एकमेकांना छेदताना दिसतील. कुणीतरी नक्की म्हणेल, 'बघ, आयसोसबेस्टिक बिंदू, म्हणजे दोन जाती'. फिलिप गाइसलरने २००५ मध्ये दाखवलंय की एकाच सलग वितरणातूनही असा बिंदू येतो. व्हायव्हात विचारतील. तयारी ठेव.

किनाऱ्यावरचा_मास्तर

वैनगंगाताईंनी कंपांबद्दल इतकं सुरेख लिहिलंय की माझ्या शाळेतला एक प्रयोग सांगावासा वाटला. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला उपयोग नसेल, पण हा कंप डोळ्यांनी बघता येतो.

तीन मीटरचा पांढरा पीव्हीसी पाइप घेतला, दोन्ही तोंडांना पारदर्शक ॲक्रिलिकच्या चकत्या एम-सीलने बसवल्या, आत गाळलेलं डिस्टिल्ड पाणी भरलं. एका टोकाला उन्हातला पांढरा कागद, दुसऱ्या टोकाला मुलांचे डोळे. कागद निळसर हिरवा दिसतो. रिकाम्या पाइपातून पांढरा. आतल्या बुडबुड्यांनी पहिल्या वर्षी घोटाळा केला, नंतर पाणी आदल्या रात्री उकळून ठेवायला लागलो.

ओ–एचच्या ताणकंपाची चौथी पायरी ७०० नॅनोमीटरच्या जवळ, लाल रंगात येते. शोषण अगदी दुबळं, पण तीन मीटर पाण्यातून तिथला प्रकाश जेमतेम सातवा हिस्सा उरतो. जड पाण्यात हीच पायरी १००० नॅनोमीटरकडे जाते, डोळ्याच्या पलीकडे, म्हणून जड पाण्याला रंग नाही. आमच्या रायगडात थळला जड पाण्याचा कारखाना आहे. मुलांना हे सांगितलं की त्यांना ते पाणी एकदम जवळचं वाटायला लागतं.

रमणनी १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' बोटीच्या डेकवरून निकोल लोलक डोळ्याला लावून समुद्र बघितला, आकाशाचं प्रतिबिंब वगळलं, आणि निळाई तरीही राहते हे दाखवलं. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात हे त्यांनी त्यातून मांडलं, आणि त्याच वाटेने २८ फेब्रुवारी १९२८ चा दिवस आला. पाणी लाल रंग पिऊन टाकतं हा त्या निळाईचा दुसरा भाग. दोन्ही मिळून समुद्र. मी दर विज्ञान दिनाला मुलांना दोन्ही सांगतो, एकच सांगून सोडत नाही.

आजऱ्याचा_पाऊस (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगाताई, तुमचा प्रतिसाद छापून गाइडना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, जा, कर. शेजारच्या संस्थेतून डी-टू-ओच्या दोन कुप्या मिळाल्या, खिडक्याही.

पहिल्या दिवशी गंमतच झाली. तपासणी म्हणून कुपीतलं नुसतं डी-टू-ओ मोजलं तर ३४०० ला चांगलाच पट्टा. घाबरलो. मग लक्षात आलं: कुपी फोडून बशीत ओतली होती, बाहेर धो धो पाऊस, हवेतल्या वाफेशी अदलाबदल झाली. दुसरी कुपी फोडताच सिरिंजने सरळ सेलमध्ये घेतली, तेव्हा तो पट्टा पार बारीक झाला.

५ टक्क्यांच्या नमुन्यात २५ अंशांना पट्टा २५०५ च्या जवळ, ५५ अंशांना २५२० च्या थोडा पुढे. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. मला खरंच भरून आलं. एकच घाटदार टेकडी, एकही खांदा नाही. मागचे चार गॉसियन वहीतून फाडले नाहीत, त्यांच्यावर तारीख घालून ठेवलेत.

एक शंका उरली. ५५ अंशांना उजवी आणि डावी उतरण सारखी नाही. २६५० च्या बाजूची किंचित फुगलेली वाटते. ते 'मोकळे' तर नाहीत ना?

वैनगंगा

शाब्बास. तीनदा केलंस हे सगळ्यात आवडलं.

फुगवटा खरा असू शकतो, आणि अपेक्षितही आहे: तापमान वाढलं की उडी घेताना वाटेत सापडणारे रेणू वाढतात, आणि त्यांचा ओ–डी त्याच बाजूला वर असतो. पण आधी दोन गोष्टी तपास. वजा केलेलं शुद्ध पाणी ५५ अंशांनाच मोजलेलं होतं का? २५ अंशांचं वजा झालं असेल तर २१३० ची शेपटी नीट जात नाही आणि तळरेषा तिरकी होते. आणि तापताना सेलची जाडी बदलली का? रिकाम्या सेलच्या लहरी मोजून ती काढता येते, खिडकी_सांभाळा दादा सांगतील कशी.

दोन्ही ठीक निघालं तर ५५ मधून २५ वजा करून फरकाचा वर्णपट इथे टाक. जमलं तर मध्ये ३५ आणि ४५ पण घे. कुणाकडे ५३२ नॅनोमीटरचा रमण असेल तर तोच नमुना तिथे ने: ओ–डीचं विखुरण ६१४ नॅनोमीटरच्या आसपास, नारिंगी भागात येईल. रमणमध्ये सैल बंधांना जास्त न्याय मिळतो, तो फुगवटा खरा असेल तर तिथे अवरक्तापेक्षा उठून दिसायला हवा. मी वाट बघते.